जर्मनला कथील धरत नाही

अमळनेरच्या आठवडे बाजारात भांडीवाल्यांची रांग संपते तिथे एक कल्हईवाला बसतो. वीतभर खोल खड्डा, त्यात बाभळीचा कोळसा, हाताने फिरवायचा पंखा, पाण्याची बादली, कापसाचे बोळे, बुचाच्या बरणीत नवसागर आणि फडक्यात गुंडाळलेल्या कथलाच्या दोन कांड्या. एका दुपारी एक बाई त्याच्यापुढे उकिडवी बसली आणि तिने पिशवीतून नॉनस्टिकचं एक खोलगट पॅन काढलं. मधोमध काळा थर उडून खालचा पत्रा पांढरा पडला होता, कडेला पापुद्रे सुटले होते, तळावर परदेशी कंपनीचं नाव ठसठशीत कोरलेलं. लेकाने तिकडून पाठवलेली वस्तू, टाकवत नव्हती. तिने विचारलं, "भाऊ, ह्यानावर कल्हई व्हई जाई का?" त्याने पॅन हातात घेऊन तोललं, नखाने उडालेल्या जागी ओरखडा काढला आणि म्हणाला, "हाई जर्मन शे माय. ह्याले कथील धरत नही." जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम.

शेजारचे दोघं-तिघं हसले. मला मात्र तो प्रश्न डोक्यातून काढता येईना. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. भांड्याच्या आतला थर झिजतो, झिजला की तो लावून देणारा माणूस बाजारात बसलेला असतो, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. थर काळा असो की पांढरा, इथला असो की तिकडचा, गेला तर परत लावून घ्यायचा. चूक असेलच तर ज्यांनी थर लावून पॅन विकलं आणि पुन्हा लावणारा कुणी ठेवला नाही, त्यांची.

कल्हई बघायला सोपी वाटते, म्हणून तिच्याबद्दल बोलताना लोक 'पाच मिनिटांचं काम' म्हणतात. पाच मिनिटं लागतात ती शेवटची. आधी भांडं आतून इतकं स्वच्छ व्हावं लागतं की पाण्याचा थेंब टाकला तर तो गोळा न होता पसरला पाहिजे. पूर्वी मोठ्या गंजात, म्हणजे खोल पातेल्यात, वाळू, विटकरीचा चुरा आणि गोणपाट घालून माणूस आत उभा राही आणि कमरेत वळून वळून पायांनी घासत असे. आता पातळ तेजाबाने काम उरकतात. मग भांडं निखाऱ्यावर चढतं. तळ जाड, काठ पातळ, शिवाय काठाला वारा लागतो. म्हणून पकडीत धरून आधी कुशी तापवायच्या, भांडं आडवं करून फिरवत राहायचं आणि तळ शेवटी घ्यायचा. कथील २३२ अंशांना वितळतं. इथे थर्मामीटर नसतो, कांडीच थर्मामीटर असते: ती भिंतीला टेकवली की लोण्यासारखी ओघळली पाहिजे. ओघळली की चिमूटभर नवसागर आत. पांढरा, नाकात झोंबणारा धूर उठतो आणि त्याच धुरात, हात न थांबवता, कापसाच्या बोळ्याने वितळलेलं कथील सगळीकडे ओढायचं. काळपट पितळेवरून चांदीसारखी लाट सरकत जाते. हे कितीदाही पाहिलं तरी मान वळतेच. मग भांडं पाण्यात, चर्र.

त्या धुरात काय होतं ते कळलं की बाईच्या पॅनचं दुखणंही कळतं. नवसागर तापला की त्याचे दोन भाग होतात, अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल. आम्ल तांब्या-पितळेवरची ऑक्साइडची कातडी खाऊन टाकतं आणि क्षणभर धातू उघडा पडतो. त्याच क्षणी कथील त्याला भिडलं तर दोघांच्या सीमेवर तांबं आणि कथील एकमेकांत मिसळून एक बारीकसा नवा थर तयार होतो. म्हणजे कल्हई रंगासारखी वर बसत नाही, आत मुरते. ॲल्युमिनियमचं तसं नाही. त्याची कातडी काढली की हवा लागताच ती परत येते, आणि ती कातडी कथलाला शिवू देत नाही. ॲल्युमिनियमला आपल्याकडे जुनी माणसं जर्मन म्हणतात, काही जण जर्मल. नाव कुठल्या वाटेने आलं असेल ते असो. 'जर्मनला कथील धरत नाही' हे त्या माणसाचं वाक्य रसायनशास्त्राच्या पुस्तकात जसंच्या तसं छापता येईल.

कल्हई बिघडते तेव्हा ती कशी बिघडली हे भांडंच सांगतं. जिथे घाण राहिली तिथे कथील धरत नाही, डाग उघडा राहतो. ताव कमी पडला तर गुठळ्या होतात आणि बोळ्याच्या रेघा दिसतात. ताव जास्त झाला तर कथील पिवळट पडतं, पातळ होऊन तळाला मण्यांसारखं गोळा होतं. पितळेचं भांडं असेल तर डाख सुटायची भीती. हे सगळं डोळ्यांना दिसतं. दिसत नाही ती फसवणूक वेगळी. कथलात शिसं मिसळलं की ते स्वस्त पडतंच, वर सोपंही होतं, कारण शिसं-कथलाचं मिश्रण १८३ अंशांपासूनच वितळायला लागतं, ताव कमी लागतो, हात कच्चा असला तरी थर सारखा बसतो. आळस आणि लबाडी इतक्या सोयीने एका ठिकाणी क्वचित येतात. अशी कल्हई पहिल्या दिवशी बरी दिसते, मग राखाडी पडते. कोरड्या बोटाने घासली तर बोट काळं होतं, आणि आंबट वरणाबरोबर शिसं पोटात जातं. जाणता कल्हईवाला कथील विकत घेताना कांडी कानाशी धरून वाकवतो. शुद्ध कथील वाकताना कुरकुरतं, बारीक फांदी मोडावी तसा आवाज येतो. शिसं मुकाट वाकतं आणि कागदावर पेन्सिलीसारखी रेघ ओढतं.

एका भांड्याला कथील लागतं तरी किती? २४ सेंटिमीटर रुंद आणि १४ सेंटिमीटर खोल पातेल्याचा आतला पृष्ठभाग साधारण १५०० चौरस सेंटिमीटर भरतो. थर दहा मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, धरला तर अकरा ग्रॅम कथील. दोन चमचे साखरेहून फार जास्त नाही. एवढ्या कथलावर घरातली आमटी पितळेला लागून कळकायची थांबते. (कळकलेलं ताक ज्याने एकदा चाखलंय त्याला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.) रोजच्या वापरात हा थर काही महिन्यांत झिजतो आणि तो झिजणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून कल्हईच्या भांड्यात पळी लाकडी, घासायला चिंच आणि राख, रिकामं भांडं चुलीवर ठेवायचं नाही, मसाला कोरडा भाजायचा नाही.

आता नॉनस्टिकच्या डब्यातला सूचनांचा कागद काढून वाचा. लाकडी चमचा वापरा. तारेची घासणी नको. रिकामं तापवू नका. आच मंद ठेवा.

एकच कागद आहे हो हा. नॉनस्टिकच्या थरातला टेफ्लॉन हा पदार्थ १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना अपघाताने सापडला. त्याला काहीच चिकटत नाही, म्हणून तोही कशाला चिकटत नव्हता. १९५४ च्या सुमारास फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार यांनी तो ॲल्युमिनियमवर बसवून दाखवला. युक्ती अशी, की पत्रा खरखरीत करायचा, म्हणजे थराला पाय रोवायला खाचा मिळतात, आणि मग तो कडक भाजून पक्का करायचा. ही कारागिरीच आहे, आणि अव्वल दर्जाची. पण हा थर खाचांना धरून असतो, धातूत मुरलेला नसतो. एकदा ओरखडा पडला, खाली पाणी-मीठ शिरलं, की पापुद्रा उचलतो. आणि साधारण २६० अंशांपुढे तो पदार्थच बिघडायला लागतो. कथील २३२ ला वितळतं, टेफ्लॉन २६० ला बिघडायला लागतं. दोन्ही थर नाजूक, दोन्ही केसाहून पातळ. खानदेशी काळ्या मसाल्यासाठी सुकं खोबरं, धने, मिरच्या खमंग काळपट होईस्तोवर कोरडे परतायचे म्हटले तर दोघंही कामाचे नाहीत. त्याला लोखंडी कढईच लागते, आणि हे आपल्या आज्यांना माहीत होतं. पॅन पाठवणाऱ्या लेकाला माहीत नव्हतं, आणि पॅन बनवणाऱ्याने तर अंडं डोळ्यांपुढे ठेवून ते घडवलेलं.

माल वाईट होता असं म्हणवत नाही. त्याच्यासोबत त्याची सवय आली नाही, आणि त्याचा कारागीरही.

शिवाय 'परदेशी' हा शब्द उच्चारताना जीभ जरा जपूनच वळवावी लागते. आपल्या मातीत कथील जवळजवळ नाहीच. देशात थोडंफार निघतं ते बस्तरकडे. कल्हईचं कथील पिढ्यान्‌पिढ्या समुद्रापलीकडून आलं, मलायातून, बांका बेटावरून. 'कल्हई' हा शब्दच अरबी 'कलई'वरून आलेला, आणि 'कलई'चं मूळ जुने लोक मलायाच्या किनाऱ्यावरच्या कलाह बंदराशी जोडतात. म्हणजे ज्या विद्येला आपण घरची म्हणतो तिच्या नावातच बोटीचा वास आहे. पितळ-तांब्याची चांगली भांडी खानदेशात यायची ती नाशकाहून, पुण्याहून. आणि एकोणिसाव्या शतकात तिथल्या तांबटांच्या हातोडीखाली तांब्याचा पत्राही विलायतेचा आला. आजही कथलाचा भाव लंडनच्या धातुबाजारात ठरतो, जिथे १८७७ पासून तांब्या-कथलाचे सौदे होतात. बाजारातल्या त्या खड्ड्याशेजारची कांडी लंडनच्या भावाने वरखाली होते. मग घरचं काय उरलं? कांडी कानाशी धरून वाकवणं तेवढं घरचं.

उलट बाजूनेही एकदा बघायला हवं, कारण खानदेशाचा मालही कुणासाठी तरी 'बाहेरचा निकृष्ट माल' होता. अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, तेव्हा मुंबईहून गाठीच्या गाठी गेल्या. खानदेशचा कापूस त्यात होताच. तिकडे हिंदुस्थानी कापसाला सरसकट 'सुरत' म्हणत आणि 'सुरत' हा शब्द तिथे शिवीसारखा वापरला जाऊ लागला. त्यात सरकी, पालापाचोळा, माती, वजनासाठी मारलेलं पाणी. तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारने १८६३ साली कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा केला. ही झाली आपली लबाडी, ती कबूल. पण तक्रारीतला दुसरा भाग निराळा होता. आपल्या कापसाचा धागा आखूड. विलायती यंत्रं लांब धाग्यावर बेतलेली. आखूड धागा त्यांत पटापट तुटायचा आणि मजुरांना तेवढं कमी वेतन मिळायचं. तोच आखूड कापूस घरातल्या चरख्यावर बाई बोटांनी पीळ कमी-जास्त करून बिनतक्रार कातत होती. तिची बोटं गाठीबरोबर गेली नव्हती. नॉनस्टिकचं पॅन घेऊन बसलेल्या बाईकडे पाहताना मला ते तिकडचे सूत कातणारे मजूर आठवतात, त्यांनी आम्हाला घातलेल्या शिव्यांसकट.

खानदेशातल्याच फैजपूरचं आणखी गुंतागुंतीचं. इंग्रजांच्या काळातल्या खानदेश गॅझेटियरमध्ये फैजपूरची नोंद आहे ती छापील कापडासाठी आणि गडद निळ्या-तांबड्या रंगांसाठी. खानदेशात तांबड्यासाठी आल लावत, म्हणजे बारतोंडीच्या जातीचं झाड, रंग त्याच्या मुळांत. तीनेक वर्षांनी जमीन खोल खणून मुळं काढायची; बारीक मुळ्यांत रंग जास्त, जाडजूड मुळं जवळपास टाकाऊ. कापड आधी तेल आणि खाराच्या पाण्यात भिजवायचं, वाळवायचं, पुन्हा भिजवायचं, असे दिवसच्या दिवस. मग तुरटी, मग मुळ्यांच्या भुकटीबरोबर उकळणं. तेलाचे हात कमी पडले तर तांबडा विटकरी उतरतो, तुरटी नीट धुतली नाही तर डागाळतो. १८६८ साली जर्मनीत ॲलिझरीन हा तांबडा रंग प्रयोगशाळेत तयार झाला, १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली, आणि मुळं खणायचं कारणच संपलं. इथे 'परदेशी रंग कच्चा, आपला पक्का' असं म्हणायचा मोह होतो. खोटं आहे ते. तुरटीवर बसवलेलं ॲलिझरीन आलाइतकंच पक्कं बसतं, उलट दर घाण्याला रंग सारखा येतो. कच्चे होते ते पुडीचे स्वस्त किरमिजी-जांभळे रंग. ते पाण्यात विरघळवून कापड बुडवलं की झालं, आणि पहिल्या धुण्याला पाणी लाल. दोन्ही एकाच वाटेने आले. कुठला घ्यायचा हे रंगारी ठरवत होता आणि त्याच्यामागे भाव पाडून मागणारं गिऱ्हाईक उभं होतं. डिसेंबर १९३६ मध्ये याच फैजपुरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, नंदलाल बोस यांनी बांबूतून नगर सजवलं, गांधीजींनी खादी आणि ग्रामोद्योगाचं प्रदर्शन उघडलं. आपल्याकडे ती आठवण अभिमानाने सांगतात. आलाची आठवण मात्र कुणी काढताना दिसत नाही.

जर्मनच्या भांड्यांनाही शिव्या देणं सोपं आहे. पितळी हंडा रिकामाच तीन-चार किलोचा असतो. त्यात पंधरा लिटर पाणी भरून, तो डोक्यावर घेऊन चढ चढणाऱ्या बाईला जर्मनचा आणि नंतर प्लास्टिकचा हंडा आला तेव्हा काय वाटलं असेल, हे माळ्यावरचं पितळ पुसून दिवाणखान्यात मांडणाऱ्यांनी ठरवू नये. पितळ घासायलाही चिंच, राख आणि पाऊण तास लागायचा, आणि तो कुणाचा लागायचा हे उघड आहे. पितळेचं एक होतं, ते वजनावर घेतलं जायचं आणि अडीनडीला मोडीत देऊन पैसे उभे करता यायचे. बाईच्या नावाने कोरलेलं भांडं ही तिची ठेवच. त्या पॅनला भंगारवाला काय देईल? ॲल्युमिनियमचे थोडे, हँडल काढून.

खापराला मात्र अजून कुणी हात लावलेला नाही. खानदेशातला मांडा, खापराची पुरणपोळी, ज्या पालथ्या मातीच्या खापरावर भाजतात त्याला बाहेरून पर्याय आलेला नाही. कोपरापर्यंतच्या हातांवर झुलवत वाढवलेली पोळी खापरावर पडते तेव्हा तिला एकदम चटका बसून चालत नाही. लोखंडावर पुरण ठिपक्याठिपक्यांनी करपतं आणि मधला भाग कच्चा राहतो. माती सावकाश तापते आणि ताप सावकाश सोडते. चांगलं खापर बोटाच्या पेराने वाजवलं की खणखणतं. बद्द वाजलं तर चीर आहे, ते चुलीवर ठेवताच दुभंगणार. नवं खापर पहिल्या दिवशी मोठ्या जाळावर चढवायचं नाही, ओलसर तर मुळीच नाही; आत राहिलेल्या पाण्याची वाफ त्याला फोडते. वाजवून घ्यायचं, मंद तापवायचं. कांडी वाकवून ऐकणं आणि खापर वाजवून ऐकणं यांत फारसा फरक नाही. ऑनलाइन मागवलेली तांब्याची बाटली कुणी अशी ऐकत नाही. पुष्कळ बाटल्यांवर चमक टिकावी म्हणून पारदर्शक लाखेचा हात दिलेला असतो, तो चिंचेने घासून निघू लागला की लोक म्हणतात, तांबं खोटं निघालं.

त्या दुपारी बाई लगेच उठली नाही. कल्हईवाल्याने तिला विचारलं, घरात पितळेचं काही आहे का. एक गंज आहे म्हणाली, माळ्यावर, त्यात जुनी लुगडी भरून ठेवलीत. घेऊन या, तो म्हणाला, आणि पुढच्या भांड्याकडे वळला. पॅन तिने त्याच्यापाशीच सोडलं. नेऊन काय करणार होती.

दोन आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा गेलो. खड्डा तोच, धूर तोच. पॅन त्याच्या उजव्या हाताशी होतं, परदेशी नाव खाली दाबून, आणि आत कापसाचे कोरडे बोळे रचून ठेवलेले. नवसागर मात्र अजून त्या जुन्या बरणीतच होता, बूच घट्ट लावून. तोही पॅनमध्येच का नाही ठेवत, हाताशी पडेल, असं विचारलं.

"नवसागर जर्मनले खाई जास," तो म्हणाला, आणि पंखा फिरवायला लागला.